वाचक विचारतात : जुन्या स्पीडबोटीला मोठं इंजिन लावू का?

प्रश्न : काका, आम्ही बडोद्याला वाडीत राहतो आणि मामांची चांदोदला नर्मदेकाठी शेती आहे. त्यांनी खूप वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका रिसॉर्टकडून 14 फुटी फायबरची स्पीडबोट घेतली होती, ती तेव्हापासून शेडमध्ये ताडपत्रीखालीच. आता माझा मोठा भाऊ अलंगच्या, म्हणजे जहाजं मोडतात तिथल्या, बाजारातून 40 हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे टांगायचं इंजिन) घेऊन आला. पिंपात उभं करून चालवलं तर मस्त चाललं. पण नदीत स्पीड घेतला की नाक वर-खाली आपटत राहतं, वळवलं की इंजिन एकदम ओरडतं आणि बोट मात्र मरते, शिवाय स्टिअरिंग सारखं उजवीकडे ओढतं, हात दुखून येतो. मेकॅनिक म्हणतो 60 चं बसवा, सगळं ठीक होईल. बसवू का?

उत्तर : नको, अजिबात नको. तुझ्या तिन्ही तक्रारींत ताकद कमी पडतेय असं एकही लक्षण नाही, उलट आहे तीच ताकद पाण्याला नीट लागत नाहीये, त्यात अजून जड इंजिन मागे टांगलंस की तिन्ही गोष्टी वाढतील. पण तुझं पत्र वाचून मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तू ट्रान्समबद्दल एक शब्द लिहिलेला नाहीस.

ट्रान्सम म्हणजे मागची ती उभी पाटी जिच्यावर इंजिन टांगतात. बाहेरून फायबर दिसतं पण जुन्या बोटींत आत प्लायवूड असतं, आणि बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपत झिरपत ते आतल्या आत कुजतं, वरचा रंग मात्र चकचकीत. छोटी हातोडी घे आणि दर दोन इंचांवर हलकेच वाजव. चांगल्या जागी टणक टक्-टक् येतं, कुजलेल्या जागी भद् असा मेलेला आवाज. मग इंजिनचा खालचा पाय धरून वर-खाली रेट आणि दुसऱ्या कुणाला तरी पाटीकडे बघायला सांग, पाटी जराही वाकताना दिसली तर बोट पाण्यात घालायची नाही. तरी शंका राहिली तर आतल्या बाजूने, खालच्या अंगाला, बारीक ड्रिल मारून भुसा बोटावर घेऊन बघ : कोरडा पिवळसर असेल तर देवाची कृपा, काळा ओला चिखल आला तर आतलं लाकूड काढून नवीन घालावं लागेल. मकरपुरा जीआयडीसीत फायबरचं काम करणाऱ्याला दाखव, पण वरून नुसता फायबरचा थर मारून घेऊ नकोस.

हे एवढं लांबण लावून सांगतोय कारण माझ्या डोळ्यांसमोर झालंय. एका ओळखीच्या माणसाची बोट होती, वॉशर प्लायमध्ये अर्धा इंच रुतलेले मला दिसत होते आणि मी बोललो नाही, म्हटलं त्याला वाईट वाटेल. फुल थ्रॉटलला वरचे बोल्ट पाटी फाडून निघाले, इंजिन मागे कललं आणि पाणी सरळ आत. काठ जवळ होता म्हणून आम्ही चौघं वाचलो. तेव्हापासून मी गप्प बसत नाही.

आता इंजिन. अलंगचा माल म्हणजे बहुतेक समुद्राचं मीठ खाल्लेला, कूलिंगच्या वाटा आणि थर्मोस्टॅट मिठाने चोंदलेले असू शकतात. पिंपात चाललं हे चांगलं, पण मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार जोरात येत होती का? धार कमी वाटली तर आधी त्या भोकात नायलॉनची तार घालून बघ, पडून राहिलेल्या इंजिनात कुंभारमाशी तिथे मातीचं घर करते. तरी धार येत नसेल तर वॉटर पंपाचं रबरी इम्पेलर बदल, आणि खरं तर धार येत असली तरी बदल, कारण वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिलेल्या त्याच्या पाकळ्या वाकड्याच्या वाकड्या राहतात, आणि पाणी थांबलं की पिस्टन जाम व्हायला फार वेळ लागत नाही. पाण्याशिवाय इंजिन पाच सेकंदसुद्धा चालवायचं नाही. कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घे, सगळ्या सिलिंडरचा आकडा एकमेकांच्या 10 टक्क्यांच्या आत हवा.

पेट्रोलच्या जुन्या नळ्या, पंपाचा डायफ्राम, हाताने दाबायचा तो रबरी फुगा, सगळं नवीन घे. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून पाणी वेगळं करणारा फिल्टर लाव आणि महिनोन् महिने टाकीत पेट्रोल ठेवू नकोस. ऑइल बाइकचं 2टी नको, आउटबोर्डसाठीचं, डब्यावर टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलंच. प्रमाण मॅन्युअलमध्ये बघ, बऱ्याच इंजिनांना 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली लागतं.

हे सगळं झालं की मग तुझ्या तक्रारी. वळताना इंजिन ओरडतं म्हणजे खालचा पंखा (प्रॉपेलर) पाण्याऐवजी हवा ओढतोय. पंख्याच्या वर जी आडवी चपटी प्लेट असते ती बघ, बोटीच्या बुडाला सरळ पट्टी लावून मागे ने, प्लेट त्या रेषेत किंवा फार तर इंचभर वर हवी. तुझी प्लेट बरीच वर निघेल असा माझा अंदाज आहे, कारण ट्रान्सम 20 इंचाचा आणि इंजिन 15 इंचाच्या शॉर्ट शाफ्टचं, म्हणजे आखूड पायाचं, अशी जोडी अलंगच्या खरेदीत सहज होते. तसं असेल तर लाँग शाफ्टचं इंजिन बदलून आण, ट्रान्सम कापायच्या भानगडीत पडू नकोस. प्लेट बरोबर असूनही ओरडत असेल तर पंख्याच्या आतलं रबरी बुश घसरत असेल. बाहेरच्या पंख्यावर आणि आतल्या हबवर मार्करने एकच सरळ रेघ ओढ, एक फेरी मार, रेघ तुटली की बुश गेलं.

नाक आपटतं त्याचं कारण बहुतेक मागचं वजन आणि इंजिनचा कोन. ब्रॅकेटच्या भोकांच्या रांगेतली आडवी पिन एक भोक बोटीच्या बाजूला घे, पेट्रोलची टाकी आणि बॅटरी पुढे सरकव, एवढ्यानेच फरक जाणवेल. पण एका वेळी एकच भोक, कारण जास्त आत गेलं तर नाक पाण्यात खुपसतं आणि वळणावर बोट अचानक गरकन फिरते, ते आपटण्यापेक्षा वाईट. तरी आपटलीच तर बुडाच्या शेवटच्या चार-पाच फुटांना लांब सरळ पट्टी लाव, इतकी वर्षं चुकीच्या टेकूवर ठेवलेलं बूड बाक घेतं. त्या भागात पोट आलं असेल तर कितीही पिन हलवलीस तरी आपटणारच.

उजवीकडे ओढण्याचं मात्र सोपं आहे. स्टिअरिंगची केबल सोडून इंजिन हाताने डावी-उजवीकडे फिरव, सहज फिरायला हवं, नाहीतर सुकलेलं ग्रीस काढून नवीन भर. मग त्या चपट्या प्लेटखालचा माशाच्या परासारखा छोटा टॅब आहे ना, त्याचं मागचं टोक थोडंसं उजवीकडे वळव. ज्या बाजूला ओढतं त्याच बाजूला, उलटं नाही.

आणि बोटीवर इंजिन आहे म्हणजे 2021 च्या इनलँड व्हेसल्स कायद्याखाली रजिस्ट्रेशन आणि सर्व्हे लागतो, ते करून घे. सरदार सरोवरातून पाणी सोडलं-थांबवलं की चांदोदची पातळी बदलते, काल जिथून आरामात गेलास तिथे आज वाळू वर आलेली असेल, त्या दिवशी तिथल्या नावाड्यांना विचारूनच निघ.

प्रश्न : आउटबोर्डचं गिअर ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं निघालं. नवीन भरून चालेल का?

उत्तर : नाही चालणार, आत पाणी जातंय. पंखा काढून शाफ्टवर मासेमारीचा नायलॉन दोरा गुंडाळला गेलाय का बघा, तोच सील कापतो. सील बदला, तेल काढायच्या-भरायच्या दोन्ही स्क्रूंचे वॉशरही बदला, आणि तेल खालच्या भोकातून भरा, वरच्यातून बाहेर येईपर्यंत.

प्रश्न : काका, मी दांडिया बाजारातून लिहितेय. दिरांनी जुनी 14 फुटी बोट दुरुस्त केलीय आणि मुलं मागे लागलीत. हरणी तलावाचं झाल्यापासून माझी हिंमत होत नाही. किती जण बसवायचे, जॅकेट कसं बघायचं?

उत्तर : ताई, तुमची भीती अगदी रास्त आहे. 18 जानेवारी 2024 ला बडोद्याच्या हरणी तलावात बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका दगावल्या, बोट 14 जणांची आणि बसलेले त्याहून कितीतरी जास्त, सगळ्यांना जॅकेटही नव्हती. स्पीडबोट असो की वल्ह्याची, हिशोब तोच आहे. लहान बोटीसाठी एक ढोबळ माप सांगतो : लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले 15. 14 फूट लांब, साडेपाच फूट रुंद असेल तर 5 निघतात, तेही शांत पाण्यात. जुन्या बोटीत मी चालवणारा धरून चारच बसवीन. दिरांना वाईट वाटलं तर वाटू दे.

जॅकेट मुलाच्या वजनाचं हवं, मोठ्याचं आवळून नको. घातल्यावर खांद्याला धरून वर उचला, हनुवटी आणि कान जॅकेटमध्ये बुडत असतील तर ते सैल आहे. पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या आणि आधी स्विमिंग पूलमध्ये घालून बघा, तोंड आपोआप वर राहतं का ते. इंजिन बंद करणारी लाल दोरी असते तिचं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेलं आहे का हे तुम्ही स्वतः बघा, आणि काठावर असतानाच ती ओढून इंजिन खरंच बंद पडतं का ते दिरांना करून दाखवायला सांगा. नाही पडलं तर मुलांना घेऊन घरी या.