इटालियन बदाम कुकीज म्हणजे बिस्कॉटीच का? अमारेत्ती नावाच्या इटालियन बदाम कुकीजमध्ये मैदा घालायचा का? मी बघितलेल्या बिस्कॉटीच्या रेसिपीत मैदा आहे.

नाही हो, मैदा अजिबात नाही. अमारेत्तीत बदामाची पूड, साखर आणि अंड्याचं पांढरं, बास, बटरसुद्धा नसतं. तुम्ही मैद्याची जी बिस्कॉटीची रेसिपी बघितलीत ती इटलीतल्या टस्कनी भागातल्या कांतुच्ची नावाच्या बिस्कॉटीची, प्रातो गावात मात्तेई म्हणून बेकरी आहे १८५८ पासूनची, ती त्यासाठीच प्रसिद्ध आहे. त्यात अख्खे सालासकट बदाम असतात, लांब रोल भाजायचा, गरम असतानाच तिरपे काप करायचे आणि परत भाजायचे, म्हणून त्या इतक्या कडक. तिकडे विन सांतो नावाच्या गोड वाइनमध्ये बुडवून खातात, आपण चहात बुडवल्या तर कोण बघतंय.

अमारेत्तीतही दोन घराणी आहेत. मिलानजवळच्या सारोन्नोच्या कुरकुरीत, लिगुरियातल्या सास्सेल्लोच्या मऊ. घरी पहिल्यांदा करताय तर मऊच करा.

आता तो कडवट वास, ज्याशिवाय अमारेत्ती म्हणजे नुसती बदाम बर्फी भाजल्यासारखी लागते. तो बदाम जास्त भाजून येत नाही, कडू बदाम किंवा जर्दाळूच्या बीतला गर घालतात त्याचा असतो. आपण सुका जर्दाळू खाऊन बी फोडतो ना, त्यातला गर बहुतेक वेळा गोड निघतो, त्याचा इथे उपयोग नाही. आणि कडू बदाम कुठून तरी मागवून घरी प्रयोग करायला जाऊ नका प्लीज, त्यात अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यापासून सायनाइड तयार होतं, हे गंमतीत घ्यायचं काम नाही. बदाम इसेन्सचे दोन-तीन थेंब पुरतात. जास्त झाले की खोकल्याच्या औषधासारखं लागतं.

माप: २०० ग्रॅम सोललेले बदाम, १५० ग्रॅम साखर, दोन अंड्यांचं पांढरं. भिजवून सोलले असतील तर आधी खडखडीत वाळवा. मिक्सर सलग फिरवलात तर तेल सुटून लगदा होतो, म्हणून यातलीच थोडी साखर घालून थांबत थांबत फिरवा. पांढरं फेटून त्यात पूड, उरलेली साखर आणि इसेन्स मिसळा, पांढरं सगळं एकदम ओतू नका, गोळा चिकट पण वळता येईल असा हवा. लिंबाएवढे गोळे पिठीसाखरेत चांगले जाड घोळवा, कंजूषी केलीत तर वरच्या त्या पांढऱ्या भेगा नीट दिसत नाहीत. १६० डिग्रीला १८-२० मिनिटं. बाहेर काढताना मऊ लागतात आणि हमखास वाटतं की कच्च्या राहिल्या, पण परत आत ढकलू नका, गार होताना आवळतात.

अंडं चालत नसेल तर छोले शिजवलेलं घट्ट पाणी (मीठ न घालता शिजवलेले हां) भरपूर फेटून घ्या, एका पांढऱ्याला दोन मोठे चमचे. जरा पसरट होतात, चवीला फारसा फरक नाही.