घरदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सागवानी दाराचं जुनं पॉलिश 80 नंबरच्या पॉलिश पेपरने काढलं, मग 220 नंबर मारला. हाताला दार अगदी गुळगुळीत लागत होतं. नवं पॉलिश चढवताच मात्र उभ्या पट्ट्यांवर आडवे, गडद ओरखडे उमटले. लाकूडच खराब निघालं का?

उत्तर : लाकडाचा दोष नाही, मधले नंबर गाळल्याचा आहे. 80 नंबरच्या पेपरवरचे कण साधारण 0.2 मिलिमीटरचे, 220चे त्याच्या एक-तृतीयांश. 80ने पाडलेल्या चरांचा तळ 220ला गाठता येत नाही. नुसत्या कडा बोथट होतात. म्हणून हात फसतो, पण रंग चरात साचला की चर दिसतो.

पॉलिश चपड्याचं, म्हणजे लाखेचं असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने आधी पुसून काढा, नाहीतर पेपर लगेच चोंदतो. मग 120, 180, 220 असं चढत जा. प्रत्येक नंबरआधी लाकडावर पेन्सिलीने हलक्या नागमोडी रेघा ओढा आणि त्या सगळीकडून जाईपर्यंत घासा. पुढचा नंबर घेण्यापूर्वी धूळ ब्रशने झाडून ओल्या फडक्याने टिपा. जाड पेपरचा एखादा कण मागे राहिला तरी नवा ओरखडा पडतो. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी खड्डे पडतात.

आता आडव्या ओरखड्यांचं. दाराच्या आडव्या पट्टीवर घासताना हात सांध्यापलीकडे, उभ्या पट्टीवर गेला आहे. आधी आडव्या पट्ट्या उरका, उभ्या शेवटी, आणि नेहमी लाकडाच्या रेषेतच. शेवटी बॅटरीचा झोत दाराला जवळजवळ समांतर धरून पाहा, ट्यूबलाइटखाली हे ओरखडे लपतात.

220च्या पुढे जाऊ नका. फार घोटलेलं लाकूड रंग कमी पितं. 320 पॉलिशच्या दोन हातांच्या मधे, तोही हलकाच. दार व्हिनिअरचं, म्हणजे वरून लाकडाचा पातळ थर चिकटवलेलं असतं तर 80ला हातही लावू नका म्हटलं असतं. तो थर बहुधा अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

प्रश्न : काळा पेपर लाकडाला चालतो का?

उत्तर : चालतो, पण कशाला? तो सिलिकॉन कार्बाइडचा, पाणी लावून धातू किंवा गाडीचा रंग घासण्यासाठी. त्याचे कण कठीण पण ठिसूळ. कोऱ्या लाकडाला तपकिरी, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पेपर जास्त टिकतो.