क्षय, ऱ्हास की निचरा?

भुसावळहून विचारणा आहे: आतड्याच्या दाहविकारात प्रतिकारशक्ती कशी वागते, याच्या गणिती प्रारूपावर मराठीत लिहिताना 'डिके रेट'ला, म्हणजे एखादा पदार्थ ज्या वेगाने कमी होतो त्याला, 'क्षयदर' म्हणावं का?

पदार्थविज्ञानात म्हणा, इथे नको. 'इन्फ्लिक्सिमॅब दिल्यावर क्षयदर वाढतो' हे वाक्य बघा. इन्फ्लिक्सिमॅब हे या विकारावरचं, टीएनएफ अडवणारं औषध. लिहिणाऱ्याला म्हणायचंय की दाह पेटवणारं टीएनएफ हे प्रथिन लवकर कमी होतं; वाचणाऱ्याला वाटेल, टीबी वाढतो. पंचाईत अशी, की तेही अगदीच खोटं नाही! टीएनएफ अडवणारी औषधं दबून बसलेला क्षय जागा करू शकतात, म्हणून ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात. त्यात आतड्याचा क्षय आणि क्रोन्स (आतड्याच्या दाहविकाराचा एक प्रकार), दोन्हींचं आवडतं ठिकाण एकच: लहान-मोठ्या आतड्यांचा सांधा.

शब्दाचा दोष नाही. 'क्षि' म्हणजे झिजणं, कमी होणं. तिथीचाही क्षय होतो, आणि ज्या दिवसाचं पुण्य झिजत नाही ती अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी.

रेणू मोडून कमी होतो तिथे 'ऱ्हास' लिहा. औषध शरीरातून जातं तिथे 'निचरा'. केळीच्या बागेत पाणी का तुंबलं हे सांगायला जो शब्द लागतो, तोच. सुजलेल्या आतड्यातून हे औषध शौचावाटेही गळतं, औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली तर आणखी लवकर जातं. 'निचरा वाढला' म्हटलं की दोन्ही कळतं. 'एलिमिनेशन'ला 'निर्मूलन' नको, तो शब्द पोलिओसाठी राहू द्या.

आता 'दर'. समीकरण असं: पातळीतला बदल = निर्मिती − (ऱ्हासांक × पातळी). कंसातला पूर्ण गुणाकार हा ऱ्हासदर, त्यातला नुसता स्थिरांक हा ऱ्हासांक. त्याचं एकक फक्त 'प्रतिदिन'. दोन्हींना 'दर' म्हटलं की गणित बिघडतं. इन्फ्लिक्सिमॅबचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं औषध जायला लागणारा वेळ, ९ दिवस धरलं, तर निचऱ्याचा अंक ०.६९३ (२ चा नैसर्गिक लॉगॅरिदम) ÷ ९ = ०.०७७. हे ७.७ टक्के मूळ मात्रेतून रोज वजा केले तर औषध १३ दिवसांत संपेल. वजा करायचे ते त्या-त्या वेळी उरलेल्यातून, तेही सलग. तसं केलं की ८ आठवड्यांनी, पुढच्या डोसच्या दिवशी, सुमारे १.३ टक्के शिल्लक दिसतं.