फोन हरवला, त्यात जीमेल, व्हॉट्सॲप सगळं चालू आहे. दुरून लॉगआउट कसं करू?

आधी सिम बंद करून घ्या. ओटीपी त्याच फोनवर येत राहिले तर बाकी खटाटोप वाया जातो.

मग दुसऱ्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून गुगल खातं उघडा, 'सिक्युरिटी'मध्ये 'युअर डिव्हायसेस' दिसेल. हरवलेला फोन निवडून 'साइन आउट' दाबा आणि लगेच पासवर्ड बदला. फेसबुक-इन्स्टाग्रामला 'व्हेअर यू आर लॉग्ड इन' शोधा. व्हॉट्सॲपचं वेगळं आहे: त्याच नंबरचं नवं सिम घेऊन दुसऱ्या फोनवर सुरू केलंत की जुन्यावरचं आपोआप बंद होतं.

बँकेला मात्र फोनच करा, ॲपच्या भरवशावर राहू नका. आणि फोनमधला डेटा पुसायची घाई नको. एकदा डेटा पुसला की सहसा फोन कुठे आहे ते नकाशावर सापडत नाही.