फोटोमागची जाहिरात

प्रश्न : आजीच्या ट्रंकेत जाड पुठ्ठ्यावरचा जुना फोटो सापडला, मागे राजमुकुट आणि मेडलांची चित्रं छापलीयत. पणजोबांना मेडल मिळालं होतं का हो? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही हो, ती मेडलं स्टुडिओची! १८५४ साली पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने एकाच काचेवर (तेव्हा निगेटिव्ह काचेवरच असायची) अनेक फोटो काढायचं पेटंट घेतलं, त्याने फोटो स्वस्त झाले आणि १८६० मध्ये मेऑल या फोटोग्राफरने काढलेले राणी व्हिक्टोरियाचे फोटो बाजारात आल्यावर तर लोक वेडेच झाले, मग गल्लोगल्ली स्टुडिओ आणि गिऱ्हाइकासाठी नुसती ओढाताण. लंडनच्या स्वस्त स्टुडिओंच्या दारात तर माणूस उभा, आपल्या चाटी गल्लीत साडीवाले 'या ताई, बघून तर जा' करतात ना अगदी तसाच. मोठे स्टुडिओ मात्र कार्डामागेच मिरवायचे, प्रदर्शनातली मेडलं, राजघराण्याचा आश्रय वगैरे (सगळं खरंच असेल असं धरू नका). 'काच जपून ठेवलीय, कधीही कॉपी मिळेल' हेही छापायचे, म्हणजे गिऱ्हाईक परत त्यांच्याच दारात. हुशार लोक! आता पट्टी घेऊन पुठ्ठा मोजा, अडीच बाय चार इंचाच्या आसपास भरला तर छोटं कार्ड, सव्वाचार बाय साडेसहा असेल तर कॅबिनेट कार्ड, ते १८६६ नंतरचं. आणि लॅमिनेशन अजिबात करू नका.