ईक्यू लावून साधा हेडफोन एचडी ६०० सारखा वाजवता येतो का?

येतो. शंभर टक्के नाही, पण लोक सांगतात त्यापेक्षा खूपच जास्त. तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे सोनीचा एमडीआर ७५०६ आहे, मित्राचा सेनहायझर एचडी ६०० ऐकल्यापासून स्वतःचा नकोसा झालाय, आणि आता ईक्यूने (म्हणजे इक्वलायझर, आवाजातला बेस, मिड, ट्रेबल वेगवेगळा कमी-जास्त करायची सोय) काही साधेल का पैसेच साठवायचे, आणि साधत असेल तर ऍप कोणतं. हे वाचून मला राहवलं नाही, कारण नेमके हेच दोन हेडफोन आणि हाच वाद आमच्या घरात पाच वर्षं चाललाय.

मी सांगलीत असतो, गाण्याच्या बैठकी रेकॉर्ड करून मिक्स करून देतो. वेगळी खोली नाही, त्यामुळे सगळं काम रात्री, घरातले झोपल्यावर, ७५०६ कानाला लावून. २०२१ मध्ये एका बाईंची घरगुती बैठक रेकॉर्ड केली होती, दोन तानपुरे, तबला, पेटी, आवाज, बस. ७५०६ ला वरच्या ट्रेबलमध्ये एक धार आहे, तुम्हालाही जाणवली असेल, बोलणाऱ्याचा 'स' टोचतो आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेतून उठणारी ती झणझण, तारेवर तार घासल्यासारखी ऐकू येते. मला वाटलं तानपुरेच कर्कश रेकॉर्ड झालेत, म्हणून मी तिथे कापत गेलो, आधी दोन डेसिबल, मग अजून दोन, कानाला गोड लागेपर्यंत, आणि फाइल पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन, "अहो, माझे तानपुरे कुठे गेले? कुणी खोलीबाहेर नेऊन ठेवल्यासारखे वाटताहेत." त्यांनी पैसे दिले, पण पुढची बैठक दुसऱ्याकडून करून घेतली.

आता माझा मावसभाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, पुण्यात असतो, ह्याच धंद्यात आहे, त्याच्याकडे एचडी ६०० आहे. त्याला ती फाइल ऐकवली तर म्हणाला खेळण्यावर काम केलंस की असंच होणार, ६०० घे. तेव्हा माझ्याकडे तेवढे पैसे नव्हते, म्हणून मी म्हटलं ईक्यू लावून ७५०६ त्याच्या जवळ नेता येईल असं वाचलंय, तर भाचीच्या बारशाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर, वरणभात कालवता कालवता म्हणाला, "ईक्यू म्हणजे पडक्या भिंतीला रंग. ज्याच्या कानात खोट असते तो ईक्यू लावतो." ते वाक्य मला अजून टोचतं, म्हणून हे सगळं एवढं लांबलचक लिहितोय.

घरी आलो आणि त्याच रात्री बसलो. पद्धत तशी साधी वजाबाकीची आहे. दोन्ही हेडफोनांचे फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचे, म्हणजे खर्जापासून तारापर्यंत कुठला आवाज किती जोरात वाजतो त्याचे, ग्राफ घ्यायचे, ६०० मधून ७५०६ वजा करायचा, जे उरलं तोच तुमचा ईक्यू. ऑटोईक्यू म्हणून याक्को पासानेनचा फुकट प्रोजेक्ट आहे, त्यात हजारो हेडफोनांची मोजमापं आणि प्रीसेट, म्हणजे ईक्यूची तयार सेटिंग्ज, आहेत. पण ते प्रीसेट हेडफोनला हरमन टार्गेटकडे, म्हणजे हरमन कंपनीच्या संशोधकांनी ऐकणाऱ्यांच्या पसंतीवरून काढलेल्या नमुना ग्राफकडे, नेतात, दुसऱ्या हेडफोनकडे नाही, आणि नवे लोक इथेच फसतात. मग ७५०६ चा प्रीसेट जसाच्या तसा लावायचा आणि त्यावर ६०० चा प्रीसेट उलटा करून लावायचा, म्हणजे जिथे अधिक तिथे उणे. पहिला तुम्हाला टार्गेटपर्यंत नेतो, दुसरा टार्गेटवरून ६०० कडे उतरवतो. अट एकच आणि ती मोडू नका, दोन्ही मोजमापं एकाच माणसाने एकाच रिगवर, म्हणजे मोजायच्या एकाच यंत्रावर, केलेली हवीत. एक ह्या कृत्रिम कानावरचं आणि दुसरं भलत्याच डमी डोक्यावरचं घेतलंत तर तुम्ही हेडफोनांतला फरक काढतच नाही, कानांतला फरक काढताय. मी पहिल्या रात्री हीच चूक केली आणि सगळ्यांचा आवाज नाकात गेला.

शेवटी माझ्याकडे चारच रुंद फिल्टर, म्हणजे ईक्यूमधल्या मोठ्या पट्ट्यावरच्या दुरुस्त्या, उरले. नऊ-दहा किलोहर्ट्झच्या आसपास पाचेक डेसिबल खाली, साठ हर्ट्झच्या खालचा बेस चार डेसिबल कमी कारण ६०० ला तळाचा बेस मुळातच कमी आहे, आणि मिडमध्ये दोन छोट्या दुरुस्त्या. हे आकडे माझ्या पीसचे आणि माझ्या कानाचे आहेत, जसेच्या तसे उचलू नका. मग तीच बैठक लावली आणि ईक्यू चालू-बंद करत बसलो. बंद असताना जवारी म्हणजे नुसती सळसळ, वर कुठेतरी वेगळी तरंगणारी. चालू केला की ती सळसळ खाली येऊन जोडाच्या तारांना चिकटली, खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून गंधार उमटतो तो स्पष्ट उभा राहिला. मग माझा मिक्स किती मेलेला आहे हे मला पहिल्यांदा कळलं. बाई खरं बोलत होत्या. मी नसलेली धार कापली होती आणि असलेला तानपुरा मारला होता.

नवा मिक्स केला, बाईंना पाठवला, पैसे मागितले नाहीत. दादाला मात्र सोडायचं नव्हतं. त्या वर्षी गणपतीत पुण्याला गेलो तेव्हा त्याच्या खोलीत बसून त्याच्याच ६०० वर त्याच आलापाचा चार मिनिटांचा मिक्स केला. दुसरा मिक्स मी सांगलीत ईक्यूवाल्या ७५०६ वर करून नेला होता, आणि तिसरा साध्या ७५०६ वरचा, तो जुना. तिघांची पातळी मोजून सारखी केली, कारण जरासं मोठं वाजलं तरी माणसाला तेच चांगलं वाटतं. फाइलींना क ख ग नावं वहिनीने दिली, कोणती कुठली हे फक्त तिला माहीत. दादाने त्याचा ६०० लावला. जुना मिक्स त्याने वीसेक सेकंदांत बाजूला काढला, त्याचे कान चांगलेच आहेत, ते मी नाकारलेलं नाही. उरलेल्या दोनांपैकी ६०० वर केलेला कोणता हे मात्र त्याला सांगता येईना. वहिनीने पाच वेळा क्रम बदलून लावलं, दोनदा बरोबर, तीनदा चूक. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. तर म्हणतो, आज सर्दी आहे.

पुढे मी त्याला सांगितलं की अरे, हरमनच्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१३ मध्ये हेच जरा मोठ्या प्रमाणावर केलंय, एकाच हेडफोनला ईक्यू लावून त्यावर वेगवेगळ्या हेडफोनांचे आवाज उभे केले आणि लोकांना पसंती विचारली, म्हणजे वजन, ब्रँड, किंमत काहीच कळायची सोय नाही, आणि खऱ्या हेडफोनांवर घेतलेल्या पसंतीशी ते बऱ्यापैकी जुळलं. तर म्हणाला कंपनीचे लोक, त्यांना विकायचंच असतं. आता ह्यावर काय बोलणार?

लोक 'डिटेल', 'स्पीड' असे शब्द वापरतात आणि म्हणतात की हे ईक्यूने येत नाही, महाग ड्रायव्हरच, म्हणजे हेडफोनच्या आतला छोटा स्पीकरच, लागतो. माझं स्पष्ट मत, ह्यातलं बरंचसं ट्रेबल आणि मिडच्या तोलाचंच दुसरं नाव आहे. बहुतेक हेडफोन मिनिमम फेज वागतात, म्हणजे रिस्पॉन्स सारखा केला की आवाज किती झटकन उठतो आणि किती लवकर विरतो हेही त्याबरोबर सारखं होत जातं. स्पीड असा वेगळा डबीत भरून मिळत नाही. आणि दादा ईक्यूला भिंतीचा रंग म्हणतो, तर रंग कसला त्यात? आमच्या शेजारी मिरज आहे, तिथल्या तानपुऱ्यांना २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. तिथे एक चाचा जवारी काढतात, त्यांच्याजवळ मी तासन्‌तास बसलोय. तोच भोपळा, तीच दांडी, त्याच तारा, आणि ते घोडीवर कानस फिरवतात, तार छेडतात, परत कानस, परत तार, तारेखालच्या दोऱ्याची जागा केसभर सरकवतात, आणि मुका तानपुरा बोलायला लागतो. त्याला कुणी रंग फासणं म्हणत नाही. पण तेच चाचा हेही सांगतात की भोपळा लहान असेल तर खर्जाचा घुमारा जवारीने वाढत नाही. हे वाक्य मी दादाला सांगितलं तर त्याने फक्त दुसरा अर्धा ऐकला.

आणि तो दुसरा अर्धा खरा आहे, हे तुम्हाला सांगायलाच हवं. ६०० उघडा आहे, म्हणजे मागची बाजू जाळीची, ७५०६ मागून बंद. ६०० लावून बसलं की पंखा ऐकू येतो, गाणं डोक्याच्या जरा बाहेर पसरतं. ७५०६ मध्ये डग्गा कानावर दाबतो, ईक्यूने तो दाब कमी होतो, जात नाही. शिवाय बंद हेडफोनचा बेस पॅड कानाभोवती किती घट्ट बसतो त्यावर असतो. मी चष्मा लावतो, काडीमुळे जी फट राहते तिच्यातून खालचा बेस सरळ पळून जातो, मग ग्राफवरचा हिशोब माझ्या डोक्यावर खोटा ठरतो. आठ किलोहर्ट्झच्या वर तर ग्राफवर फार भरवसा ठेवूच नका. तिथे आवाजाच्या लाटेची लांबीच चार सेंटिमीटर आणि त्याहून कमी, तुमच्या कानाच्या पाळीचा आकार वेगळा, हेडफोन जरा पुढे-मागे सरकला तरी शिखर भलतीकडे जातं. वरचं सगळं कानाने, साइन स्वीप (खालून वर सरकत जाणारा एकच शुद्ध सूर) हळूहळू फिरवून, जिथे टोचेल तिथे थोडं थोडं कमी करत जुळवा. ऑटोईक्यू दहा-दहा फिल्टर देतं, त्यातले वरचे अरुंद फिल्टर मी डोळे झाकून काढून टाकतो.

आणि वर जी परीक्षा सांगितली त्यात दोन्ही मिक्स माझेच होते, म्हणजे एकाच माणसाचा हात, ते थोडे सारखे असणारच. दादाने हा मुद्दा काढला नाही, पण तो आहे. मी त्यातून एवढंच म्हणतो की काम करायला, निर्णय घ्यायला ईक्यूवाला ७५०६ मला ६०० इतका पुरला. मांडी घालून निवांत ऐकायला मित्राचा ६०० वेगळाच वाटेल, आणि हवा असेल तर जरूर घ्या. फक्त कुणीतरी कानात खोट आहे म्हणालं म्हणून घेऊ नका.

ऍपचं विचारलंत ते राहिलंच. विंडोजवर इक्वलायझर एपीओ, अँड्रॉइडवर वेव्हलेट, दोन्ही चालतात, ह्याच्यात मला फारसं विशेष सांगण्यासारखं नाही. प्रीअँप, म्हणजे ईक्यूच्या आधी सगळाच आवाज कमी करायची सेटिंग, मात्र विसरू नका, सगळ्यात मोठा बूस्ट सहा डेसिबलचा असेल तर प्रीअँप उणे सहा, नाहीतर क्लिप होऊन फाटेल आणि तुम्ही म्हणाल ईक्यू वाईट. कमी करणं स्वस्त आणि वाढवणं महाग हेही लक्षात ठेवा, दहा डेसिबल वाढवायला दहापट पॉवर लागते, छोटा ड्रायव्हर बेसमध्ये तिथे हात टेकतो. तुमच्या जोडीत बरंचसं कमीच करायचंय, म्हणून तुमचं नशीब चांगलं आहे. मित्राने उद्या ६०० ला ७५०६ सारखा बेस आणायचं ठरवलं तर त्याला जड जाईल.

आणि आधी तुमचे पॅड बघा. ७५०६ चे पॅड वर्ष-दोन वर्षांत सोलतात, काळे पापुद्रे कानाला आणि कॉलरला चिकटलेले दिसले की समजा ते गेले. पातळ झालेल्या पॅडवर बेस आणि वरचं दोन्ही बदलतं. मी पहिला ईक्यू तसल्याच पॅडवर केला होता, महिन्याने नवे बसवले आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं, दोन रात्री त्यात गेल्या. तेव्हा आधी पॅड बदला, आठवडाभर वापरून बसू द्या, मग मित्राकडून ६०० एका संध्याकाळपुरता मागून आणा आणि दोन्ही शेजारी ठेवून जुळवा. ऐकायला तुमच्या रोजच्या ऐकण्यातली एक बाईची आणि एक पुरुषाची आवाजाची रेकॉर्ड घ्या, आणि तानपुरा असलेली मिळाली तर फारच बरं.