क्षणभर टिकणाऱ्या अणुकेंद्रकाची त्रिज्या मोजतात म्हणजे काय करतात?

लिथियम-११ (तीन प्रोटॉन आणि आठ न्यूट्रॉन असलेले अणुकेंद्रक) चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मी अणुकेंद्रके नष्ट व्हायला लागणारा काळ, सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी असताना त्याची त्रिज्या 'मोजली' असे कशाच्या आधारे म्हणतात, असा तुमचा प्रश्न आहे. मी सिंधुदुर्गात पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण पाठ्यपुस्तके त्याला बगल देतात.

आमच्याकडे फणस उतरवण्याआधी त्यावर थापटून पाहतात. कोवळा टणटण वाजतो, तयार झालेला बदबद वाजतो, आणि कान सरावलेला असेल तर न कापता आतले कळते. अणुकेंद्रकाचे आतले कळण्याचा मार्गही आघाताचाच आहे. मात्र लिथियम-११ चा पत्रा करून त्यावर कण सोडता येत नाहीत, कारण तोवर ते उरतच नाही. म्हणून मांडणी उलटी करतात: जड अणुकेंद्रके फोडून निघालेल्या तुकड्यांतून हवी ती अल्पजीवी अणुकेंद्रके वेगळी काढून त्यांचीच शलाका (वेगाने जाणारा कणांचा झोत) बनवतात आणि ती कार्बनसारख्या स्थिर लक्ष्यावर आदळवतात.

१९८५ मध्ये जपानी भौतिकशास्त्रज्ञ इसाओ तानिहाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील बर्कली येथे हेच केले. लक्ष्यातून जाताना शलाकेतील किती अणुकेंद्रके अभिक्रिया होऊन गळतात हे त्यांनी मोजले. अणुकेंद्रक जितके मोठे, तितकी टक्कर होण्याची शक्यता अधिक. लिथियम-९ मध्ये दोन न्यूट्रॉन वाढले की लिथियम-११ होते; तेव्हा नेहमीच्या नियमाने (त्रिज्या कणसंख्येच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते) त्रिज्या सुमारे ७ टक्क्यांनी वाढायला हवी. प्रत्यक्षात ती सुमारे २.३ फेम्टोमीटरवरून ३ च्या पुढे गेली (एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग). शेवटचे दोन न्यूट्रॉन जेमतेम ०.३७ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने बांधलेले असल्यामुळे ते उरलेल्या लिथियम-९ च्या गाभ्यापासून दूरवर पसरतात. याला मी वर्गात 'खळे' म्हणतो; चंद्राला पडते ते खळे सर्वांना ठाऊक असते, शिवाय आमच्या भागात घरापुढच्या सारवलेल्या अंगणालाही खळेच म्हणतात, आणि हे दोन न्यूट्रॉन खरोखरच बराच वेळ घराबाहेर खळ्यात असतात.

पण केवळ आकार मोठा दिसला म्हणून खळे सिद्ध होत नाही. सगळे अणुकेंद्रकच फुगलेले असू शकते. तो संशय दुसऱ्या प्रकारच्या अभिक्रियेने फिटला. लिथियम-११ मधील दोन न्यूट्रॉन टकरीत निखळल्यावर पुढे जाणाऱ्या लिथियम-९ च्या संवेगाचे (वस्तुमान गुणिले वेग) वितरण पाहिले, तर ते अतिशय अरुंद आढळले. अनिश्चितता तत्त्वानुसार संवेगाचा पसारा लहान असेल तर स्थानाचा पसारा मोठा असतो, म्हणजे निखळलेले न्यूट्रॉन विस्तीर्ण जागेत वावरत होते. मला हा पुरावा त्रिज्येहूनही अधिक पटतो.

एखादा न्यूट्रॉन कोणत्या कक्षेत बसतो हे विचारायचे असल्यास आणखी वेगळी अभिक्रिया लागते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ओक रिज येथील प्रयोगात सुमारे ४० सेकंद अर्धायुष्य असलेल्या कथिल-१३२ ची शलाका ड्यूटेरियमयुक्त लक्ष्यावर सोडली गेली. ड्यूटेरियम म्हणजे जड हायड्रोजन; त्याच्या अणुकेंद्रकाला, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांच्या जोडीला, ड्यूटेरॉन म्हणतात. ड्यूटेरॉनमधील न्यूट्रॉन कथिलाला चिकटतो आणि प्रोटॉन सुटून बाहेर पडतो. त्या प्रोटॉनच्या ऊर्जेवरून न्यूट्रॉनची पातळी कळते, तर कोनीय वितरणावरून त्याचा कक्षीय कोनीय संवेग.

आता तुमच्या 'मोजली' या शब्दाकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. प्रयोगात मोजला जातो तो अभिक्रियेचा काटछेद, म्हणजे अभिक्रिया होण्याची शक्यता क्षेत्रफळाच्या रूपात सांगणारी राशी. त्रिज्या त्यातून सिद्धांताच्या साहाय्याने काढावी लागते. सुरुवातीच्या गणितात अणुकेंद्रकातील द्रव्य सलग, सरासरी घनतेचे मानले होते. १९९६ मध्ये अल-खलिली आणि टोस्टेव्हिन या भौतिकशास्त्रज्ञांनी गाभा आणि दोन न्यूट्रॉन असे तीन वेगळे घटक धरून तेच गणित पुन्हा केले, तेव्हा प्रयोगातील काटछेद तोच असूनही लिथियम-११ ची त्रिज्या सुमारे ३.१ वरून ३.५ फेम्टोमीटरवर गेली.